सीव्ही जॉइंटचा बूट फाटला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी सर्व्हिसला गाडी टाकावी आणि दुपारी गॅरेजातून फोन यावा: "साहेब, अ‍ॅक्सलचा बूट फाटलाय. पूर्ण शाफ्टच बदलून टाकू या का?" बूट म्हणजे काय हेच बहुतेकांना ठाऊक नसतं, त्यामुळे "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. खालचं सगळं त्या फोनच्या आधी वाचायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. बुटाखालच्या सांध्यातून आवाज येत नसेल तर फक्त बूट बदला, पण लगेच बदला. आवाज सुरू झाला असेल तर नुसत्या बुटावर पैसे घालवू नका.

हा बूट असतो कुठे आणि करतो काय?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्समधून डावीकडे आणि उजवीकडे एकेक पोलादी दांडा चाकापर्यंत जातो. कंपनीच्या कागदांत तो ड्राइव्ह शाफ्ट, गॅरेजात अ‍ॅक्सल. चाक खड्ड्यात खाली-वर होतं आणि स्टिअरिंगबरोबर वळतंही, त्यामुळे हा दांडा एकसंध असून भागत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे लागतात, तेच सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे समान वेगाचे) जॉइंट. चाकाकडचा बाहेरचा, गिअरबॉक्सकडचा आतला. दोन शाफ्ट, चार सांधे, चार बूट.

बाहेरच्या सांध्यात बहुतेक गाड्यांत सहा पोलादी छर्रे असतात. ते एका पिंजऱ्यात बसून वक्र खाचांतून सरकतात. चाक चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत वळलं तरी दांडा आणि चाक एकाच वेगाने फिरत राहतात, झटके बसत नाहीत. ही रचना आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात काढली आणि आजही तिचंच सुधारित रूप वापरात आहे. आतल्या सांध्यात बहुधा तीन रोलर असतात. तो फारसा वळत नाही, पण चाक खाली-वर झालं की आत-बाहेर सरकून शाफ्टची लांबी जुळवून घेतो.

हे सगळं चालतं ते ग्रीसवर. ते ग्रीस आत आणि धूळ-पाणी बाहेर ठेवायला सांध्यावर पेटीच्या भात्यासारखी घड्याघड्यांची रबरी टोपी असते, दोन्ही टोकांना पट्टीने आवळलेली. तोच बूट. सांधा स्वतःहून सहसा मरत नाही. बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, चिखल आत शिरतो आणि मग सांधा जातो.

फियाट आणि अ‍ॅम्बॅसडरच्या काळात हे दुखणं ऐकलंही नव्हतं. आताच कुठून आलं?

त्या गाड्यांची ताकद मागच्या चाकांना जायची आणि मागचा अ‍ॅक्सल बंद लोखंडी नळकांड्यात असायचा. पुढच्या चाकांना शाफ्टच नव्हता, मग बूट कसला? १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली. तिचं इंजिन पुढे, आडवं बसवलेलं, आणि ताकदही पुढच्याच चाकांना. तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांनी हीच मांडणी घेतली. स्विफ्ट, वॅगन आर, आय२०, टियागो, सिटी, अर्टिगा, सगळ्यांना चार-चार बूट आहेत.

ओम्नी, इको, बोलेरो आणि जुनी इनोव्हा मागच्या चाकांवर चालतात, तिथे हा प्रश्न येत नाही. इनोव्हा हायक्रॉस मात्र पुढच्या चाकांवर आली, म्हणजे तिला बूट आले. थारसारख्या फोर बाय फोर गाडीच्या पुढच्या शाफ्टांनाही ते असतात. नॅनोचं इंजिन मागे, त्यामुळे तिचे बूट मागच्या चाकांशी शोधायचे. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन गेलं, शाफ्ट राहिला. नेक्सॉन ईव्हीलाही बूट आहेत.

बूट फाटतो कशाने?

मुख्य कारण वय. घड्यांच्या तळाशी रबर रोज दुमडतं आणि ताणलं जातं, तिथे बारीक चिरा पडतात, आणि एक दिवस चीर आरपार जाते. बाहेरचा बूट जास्त वळतो म्हणून बहुधा तोच आधी फाटतो. किती किलोमीटरला, याचा नेम नाही. घाटात आणि गल्लीबोळात फिरणाऱ्या गाडीचा लवकर जातो, हायवेवर सरळ धावणारी गाडी त्याच बुटावर लाख किलोमीटर सहज काढते.

बाकीची कारणं आपल्या रस्त्यांची: उडालेली खडी, टोकदार दगड, गुंडाळली गेलेली तार. कामाच्या घाईत जॅक किंवा पहार भलत्या जागी लावून बूट दुखावणारे हातही असतात. इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल बुटावर गळत असेल तर रबर फुगून मऊ पडतं. अशा वेळी आधी गळती थांबवा, नाहीतर नवा बूटही त्याच वाटेने जाईल.

गावी वर्षातून दोनदा चालवली जाणारी गाडी हे वेगळं प्रकरण. किलोमीटर कमी म्हणून मालक निर्धास्त असतो, पण रबर न चालताही कडक होतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून महिनोन्‌महिने उभ्या केलेल्या गाडीत बूट एका बाजूला ताणलेलाच राहतो. चाकं सरळ करून गाडी उभी करायला काहीच पडत नाही.

फाटलाय हे मला घरच्या घरी कसं कळेल?

सपाट जागेवर गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद करा. आता वळलेल्या चाकाच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारा. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमच्या आत, लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीवर) किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या खालच्या भागावर काळपट चिकट ग्रीसची रेघ उडालेली दिसली तर बूट गेलाच म्हणून समजा. फिरता शाफ्ट ग्रीस गोलाकार फेकतो, त्यामुळे डाग ओघळासारखा दिसत नाही, शिंतोड्यांच्या पट्ट्यासारखा दिसतो.

डाग नसेल तर बोटांनी घड्या उघडून तळाशी पाहा. वरून धडधाकट दिसणारा बूट घडीत चिरलेला असतो. मग स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरं चाक. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागण्याआधी, ते एकदा कराच. आतले बूट असे दिसत नाहीत. त्यासाठी गाडी रॅम्पवर चढली असेल तेव्हा मिस्त्रींना खालून दाखवायला सांगा. "बघितलं साहेब" एवढ्यावर समाधान मानू नका, स्वतः खाली जाऊन पाहा.

मिस्त्री म्हणाले "बूट फाटला", पण बिलात स्टिअरिंगचा बूट लिहिलाय. दोन्ही एकच का?

नाही. गाडीखाली घड्यांचे रबर आणखीही असतात. स्टिअरिंग रॅकच्या दोन टोकांना बूट असतात, ते फिरत नाहीत, फक्त आत-बाहेर होतात. बॉल जॉइंटलाही छोटी रबरी टोपी असते. कोणता फाटलाय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. जो दांडा चाकाबरोबर फिरतो त्यावरचा असेल तरच हे पान तुमच्या कामाचं.

वळताना कट-कट आवाज येतो. सांधा गेला का?

मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरवा आणि किंचित अ‍ॅक्सिलरेटर दाबा. काच खाली ठेवा. चाकाच्या फिरण्याशी ताल धरून कट-कट-कट वाजत असेल, जोर दिल्यावर वाढत असेल आणि चाकं सरळ केल्यावर थांबत असेल, तर बाहेरचा सांधा झिजला. बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचं चाक वाजतं, म्हणजे डावीकडे वळताना उजवं. भिंतीजवळून फिरलात तर आवाज परतून स्पष्ट येतो.

आतला सांधा असा बोलत नाही. तो गेला की सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थरथर कमी होते. अनेकजण यावर व्हील बॅलन्सिंग करून घेतात, मग टायर बदलतात, आणि थरथर तशीच राहते.

दुसऱ्या आवाजांशी गल्लत करू नका. वेगाबरोबर वाढणारी एकसुरी घरघर बेअरिंगची. खड्ड्यात खडखडणारी लिंक रॉड. आणि सरळ जातानाही टिकटिक येत असेल तर आधी टायरच्या खाचेत अडकलेला खडा शोधा. गॅरेजचा खर्च वाचेल.

बूट फाटलाय, पण आवाज नाही. किती दिवस चालवू शकतो?

याला किलोमीटरमध्ये उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. कोरड्या दिवसांत, शहरातल्या शहरात, चीर छोटी असेल तर सांधा काही आठवडे तगूही शकतो. जुलैत, पाणी साचलेल्या रस्त्यातून दोन-चार वेळा गेलात तर आत चिखलाचा लगदा होतो आणि छर्‍यांच्या खाचा घासून निघतात. वाळूचंही तसंच. बीचवर गाडी नेण्याची हौस फाटक्या बुटाने करू नये. त्याच आठवड्यात काम करून घ्या, तोवर पाण्यातून जाणं टाळा.

आणि आवाज येत असताना तसंच चालवलं तर?

लगेच तुटेल असं नाही. कट-कट करत महिनोन्‌महिने चाललेल्या गाड्याही आहेत, आणि म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात. पण तुटला तर काय होतं ते माहीत असू द्या. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचात) एका बाजूचा शाफ्ट सुटला की सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला वाया जाते. इंजिन चालू, गिअर पडतो, गाडी जागची हलत नाही. वरंधा किंवा आंबोली घाटात, पावसात, मागे ट्रकांची रांग असताना हे झालं तर काय, याची कल्पना करा.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. शाफ्ट तुटलेली गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली तरी उतारावर थांबत नाही. ऑटोमॅटिकचा 'पी'सुद्धा धरत नाही, कारण गिअरबॉक्स आणि चाकांचा दुवाच तुटलेला असतो. अशा वेळी हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाकाखाली दगड लावा.

फक्त बूट बदलावा की पूर्ण शाफ्ट?

खरा वाद इथे आहे. बूट किट म्हणजे बूट, दोन क्लॅम्प (आवळायच्या पट्ट्या), ग्रीस आणि बहुधा सर्कलिप (सांधा दांड्यावर अडकवून ठेवणारी रिंग). छोट्या गाडीचं किट शेकड्यांत येतं, पूर्ण शाफ्ट हजारांत. मजुरीत मात्र फार फरक नसतो, कारण शाफ्ट दोन्ही वेळा बाहेर काढावाच लागतो. उलट बुटाच्या कामात सांधा खोलणं, धुणं, ग्रीस भरणं ही चिकट कामं वाढतात. गॅरेजला शाफ्ट बदलणं सोपं आणि फायद्याचं का वाटतं, हे इथे कळतं. त्यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. पूर्ण शाफ्ट बसवला की काम परत येण्याची भीती नसते, हेही एक कारण.

ठरवायचं असं. वरची गोल फिरण्याची चाचणी करा. आवाज नाही, फाटून फार दिवस झालेले नाहीत, तर बूट किट. सांधा उघडल्यावर जुनं ग्रीस बोटांत चोळून पाहा. मऊ आणि काळं असेल तर ठीक, कचकच लागली तर वाळू गेली आहे. मग सांधा पूर्ण धुवायला लावा आणि खाचांवर नख फिरवा. नख अडकलं, खड्डे किंवा निळसर जळकट डाग दिसले, तर तो सांधा संपला. नव्या ग्रीसने झिजलेलं पोलाद भरून येत नाही. आवाज महिनाभर दबेल आणि पुन्हा येईल, आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागेल. बऱ्याच गाड्यांसाठी फक्त बाहेरचा सांधाही वेगळा मिळतो. पूर्ण शाफ्टला हो म्हणण्याआधी तो विचारा.

एका बाजूचा फाटला म्हणून दुसऱ्या बाजूचा लगेच बदलायची गरज नाही. पण शाफ्ट बाहेर आलेलाच आहे तर त्याच शाफ्टचा दुसरा बूट तपासा. काही गाड्यांत बाहेरचा सांधा दांड्यावरून निघतच नाही, बाहेरचा बूट आतल्या टोकाकडून ओवावा लागतो. तिथे आतला बूटही जुना असेल तर दोन्ही एकदम बदलणं शहाणपणाचं, मजुरी एकच पडते.

चिकटवायचा बूट मिळतो म्हणे, शाफ्ट न काढता बसणारा?

मिळतो. उभा चिरलेला असतो, सांध्याभोवती गुंडाळून कडा सोल्युशनने किंवा खाचेने जोडायच्या. कडेला ग्रीसचं एक बोट लागलं तरी जोड धरत नाही, आणि गाडीखाली ग्रीसने माखलेल्या सांध्याशेजारी कड कोरडी ठेवणं किती सोपं आहे ते ज्याने केलंय त्याला विचारा. शिवाय सांधा धुतला जात नाही, आतला चिखल आतच राहतो. गाडी विकायची असेल तेव्हा लोक हा बसवतात. म्हणून जुनी गाडी घेताना बुटावर उभी शिवण दिसते का ते पाहा.

दुसरा प्रकार ताणून बसवायचा युनिव्हर्सल बूट. तो प्लास्टिकच्या शंकूवरून सांध्यावर चढवतात. चांगल्या रबराचा असेल आणि शाफ्ट काढून बसवला तर चालतो. गाडीच्या मापाचा मिळत असताना मात्र तो का घ्यायचा, मला कळत नाही.

चिकटपट्टी, पंक्चरचा पॅच, प्लास्टिकची पिशवी यांतलं काहीही घरापर्यंत पोचेलच असं नाही. फक्त क्लॅम्प निसटला असेल आणि रबर शाबूत असेल, तर जाड केबल टाय आवळून गॅरेजपर्यंत नीट जाता येतं.

ग्रीस कोणतं? आमचे मिस्त्री डब्यातलं पिवळं ग्रीस भरतात.

भरू देऊ नका. ते बेअरिंगसाठी ठीक असेल, पण सीव्ही सांध्यात छर्रे दाबाखाली घासत सरकतात. तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं काळं ग्रीस लागतं. आतल्या सांध्याचं ग्रीस अनेक गाड्यांत वेगळं असतं, म्हणून दोन पुड्या आल्या तर त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. पुडी पूर्ण रिकामी करायची. छोट्या गाडीच्या बाहेरच्या सांध्याला १०० ग्रॅमच्या आसपास लागतं. आधी सांध्यात, छर्‍यांच्या मधून वर येईपर्यंत दाबून, आणि उरलेलं बुटात. जुन्या ग्रीसवर नवं थापणं म्हणजे चिखलावर लोणी.

काम होत असताना मी कशावर लक्ष ठेवू?

चार-पाच गोष्टींवर. हब नट (चाकाच्या मधोमध शाफ्टवर असलेला मोठा नट) गाडी जमिनीवर असताना, ब्रेक दाबून सैल करायचा असतो आणि शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळायचा. बहुतेक गाड्यांत त्याचा टॉर्क १५० न्यूटन-मीटरच्या वरच असतो, मॅन्युअलमध्ये नेमका आकडा सापडतो. "हाताचा अंदाज आहे साहेब" हे इथे चालत नाही. कमी आवळला तर बेअरिंग जातं. नट ठोकून लॉक करण्याचा प्रकार असेल तर नवा नट घ्या, फार महाग नसतो.

शाफ्ट गिअरबॉक्समधून निघाला की गिअर ऑइल सांडतं. ते परत भरलं का, हे विचारा. गडबडीत हे राहून जातं आणि त्याची किंमत गिअरबॉक्स मोजतो. ऑइल सील त्याच वेळी नवं टाकलं तर बरं. शाफ्ट नसताना गाडी ढकलू देऊ नका, चाकाचं बेअरिंग नटाच्या दाबावर टिकून असतं. एबीएसची (चाकाचा वेग मोजायला लागणारी) दातेरी चकती सांध्यावर असेल तर हातोडीचा घाव तिच्यावर बसू नये, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागलाच.

क्लॅम्प आवळण्याआधी बुटाच्या कडेखाली बारीक स्क्रूड्रायव्हर सारून आतली हवा बरोबर करायची असते. ती अडकली की बूट आत ओढला जातो किंवा फुगतो, घड्या एकमेकींवर घासतात. हल्ली अनेक बूट रबराऐवजी कडक प्लास्टिकसारख्या मटेरियलचे असतात. त्यांना वर आलेला कान दाबून आवळायचा क्लॅम्प आणि त्याची खास पकडच लागते, साध्या पकडीने तो पुरेसा आवळत नाही.

घरी करता येईल?

हत्यारं असतील आणि सोबत कोणी जाणकार असेल तर येईल. पहिल्यांदा करणाऱ्याने पूर्ण दिवस धरावा. मात्र फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. विटा तर अजिबात नकोत, त्या भाराखाली कधी भुगा होतील सांगता येत नाही. पक्के स्टँड नसतील तर गॅरेजात जा.

जुन्या बाजारातला शाफ्ट घ्यावा का?

कुर्ल्यात किंवा कुठल्याही मोठ्या शहराच्या भंगार बाजारात अपघातात गेलेल्या गाड्यांचे शाफ्ट मिळतात. त्यातला कंपनीचा मूळ शाफ्ट, सांधा हाताने फिरवून, खेचून, ढिलेपणा नाही असं पाहून घेतला, तर स्वस्तातल्या अनोळखी नव्या शाफ्टपेक्षा मी तो घेईन. लांबी, टोकावरच्या दातऱ्यांची संख्या आणि एबीएस चकती तुमच्या गाडीशी जुळते का ते तिथेच पाहा. डावा आणि उजवा शाफ्ट बहुतेक गाड्यांत वेगवेगळ्या लांबीचे असतात. त्यावर नवे बूट आणि नवं ग्रीस मात्र टाकाच.

विम्यात बसेल का?

झिजून फाटलेला बूट बसत नाही, झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीतून वगळलेले असतात. अपघातात शाफ्टसकट बूट गेला तर दावा होतो, पण रबरी आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो. झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापणारं जादा कवच) घेतलं असेल तर ही कपात सहसा टळते.

नवा बूट वर्षाच्या आत पुन्हा फाटला. पार्ट खराब की काम?

फाटलेला बूट फेकू नका, तोच सांगेल. घडीच्या तळाशी गोलाकार चीर असेल तर रबर हलक्या प्रतीचं, किंवा बूट पिळलेल्या स्थितीत बसवला होता. एकाच जागी घासल्याची खूण असेल तर क्लॅम्पचं टोक किंवा शेजारची एखादी वायर, पाइप लागत होता. रबर मऊ, फुगलेलं असेल तर वरून ऑइल गळतंय. रबर अखंड आहे पण ग्रीस बाहेर आलंय, तर क्लॅम्प ढिला. यातल्या क्लॅम्पच्या आणि पिळाच्या तक्रारी गॅरेजच्या, त्यांनी मजुरी न घेता दुरुस्त करून द्यायला हव्यात. बिल आणि फाटका बूट, दोन्ही घेऊन जा.